मैदानाचा तिसरा हिस्सा

माननीय संपादक,
स. न.

गिरणी कामगारांनी मुंबईबाहेर शेलू-वांगणीला देऊ केलेल्या घरांविरोधात ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानात आंदोलन केलं. तेव्हापासून घर कुठे आणि केवढ्याला, यावर भरपूर बोलून झालं. पोरांच्या खेळायच्या मैदानाचं नाव मात्र कोणी काढत नाही.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ मध्ये दोन्ही एकाच वाटणीत होतं. गिरणीची जमीन विकासाला काढली की एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ साली दुरुस्ती झाली : वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची. शेडखालची जमीन हिशेबातूनच गेली, आणि गिरणीत शेडच जास्त, हे लालबागच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला दिलासा मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही.

माझे वडील १९८२ च्या संपापर्यंत गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. आम्ही पाच जण दहा बाय बाराच्या खोलीत. ती पुरायची, कारण आम्ही तिच्यात नसायचोच. अभ्यास गॅलरीत, झोप गच्चीवर, बाकी सगळं मैदानात. वडील रात्रपाळी करून आले की आई आम्हाला बाहेर पिटाळायची, "संध्याकाळपर्यंत तोंड दाखवू नका."

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. घर मोठं झालं, खोटं कशाला बोलू. पण पोरं पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधे एक टप्पा आउट खेळतात. बॉल गाडीला लागला की वॉचमन स्टंप म्हणून ठेवलेली बादलीच उचलून नेतो. वडील तर खालीच उतरत नाहीत. उतरून बसायचं कुठे? गुडघे धरलेत, साखर वाढलीय, आणि डॉक्टर म्हणतात रोज चाला.

शेलूची हवा चांगली, असं शेजारी सांगतात. असेलही. पण केईएमचे केसपेपर पिशवीत सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने नेरळच्या अलीकडून किती वाजताची लोकल पकडायची?

पालिकेने निदान गिरणीवार यादी जाहीर करावी : मोकळ्या जागेसाठी किती जमीन हाती आली, तिथे आज काय आहे, आणि फाटक असेल तर ते किती वाजता उघडतं.

आपला,
एका गिरणी कामगाराचा मुलगा, लालबाग