मपेट्स घरी परतले! सभासदांसाठी सूचना

मंडळी, बातमी पक्की आहे. मपेट्स या बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन यांच्या मुलांनी वडिलांची कंपनी जर्मन माध्यम कंपनी ईएम.टीव्हीकडून परत घेतली. २००० साली ६८ कोटी डॉलरला गेलेली, आता सुमारे ९ कोटींत! सौदा असावा तर असा.

शुक्रवार, १६ मे २००३ (जिम यांचा स्मृतिदिन), संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या हॉलवर जमू.

- कुटुंबाला अभिनंदनाचं पत्र पाठवायचंय. चार ओळी हाताने लिहून आणा. जर्मन कंपनीला शिव्या नकोत.
- ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही मालिकेतल्या एल्मो, बिग बर्डबद्दल मागण्या करू नका. ते ती मालिका बनवणाऱ्या सेसमी वर्कशॉपकडे आहेत, या सौद्यात नाहीत.
- मुलांना कर्मिट (मपेट्समधला हिरवा बेडूक) बनवता यावा म्हणून जुनं हिरवं कापड आणि पिंगपाँगचे चेंडू आणा. पहिला कर्मिट जिमनी आईच्या जुन्या कोटातूनच शिवला होता. डोळे म्हणजे चेंडूचे दोन अर्धे भाग. कात्री मोठ्यांच्याच हाती.