बंद खिडक्या आणि ताजी हवा: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की तो ‘बघू पुढे’ म्हणून मागे पडतो, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे. तुमच्या झोपण्याच्या खोलीत बाहेरची स्वच्छ हवा गाळून आत आणणारी, आतली कोंदट हवा बाहेर टाकणारी आणि हे करताना खोलीतील ऊब किंवा गारवा वाया जाऊ न देणारी वायुवीजन यंत्रणा बसवावी, अशी माझी इच्छा आहे.

खिडक्या बंद ठेवण्यामागची तुमची कारणे मला पटतात. धूळ, धूर, रस्त्याचा आवाज आणि डास यांपैकी काहीच घरात नको असते, आणि बाबांना रात्री अंगावर वारा घेतला की खोकला येतो. त्यामुळे खिडकी उघडून झोपा, असे मी सांगणार नाही. मात्र आपल्या उच्छ्वासातील हवेत सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग एवढेच असते, तर दोन माणसे झोपलेल्या बंद खोलीत ते पहाटेपर्यंत सहज २,००० भागांच्या वर जाते. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच राहत्या खोलीसाठी १,००० भागांची मर्यादा सुचवली होती. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी ठरतो म्हणून नव्हे, तर हवा किती वेळ बदललेली नाही याची ती खूण आहे म्हणून. तो साचतो तेव्हा त्याच्यासोबत ओलावा, रंगातून आणि फर्निचरमधून निघणारी रसायने आणि कोणाला सर्दी-खोकला असेल तर त्याचे विषाणूही खोलीतच साचत असतात. सकाळी आईला जाणवणाऱ्या जडपणाचे हेच एकमेव कारण आहे, असा माझा दावा नाही. पण हे कारण दूर करणे आपल्या हातात आहे.

एसी लावला की ताजी हवा मिळते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. हवा शुद्ध करणारे यंत्र धूलिकण पकडते, पण कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही. नुसता एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर फेकतो खरा, पण तिची जागा घेणारी हवा दाराखिडक्यांच्या फटींतून, न गाळलेली आणि बाहेरच्याच तापमानाची येते. शिवाय घरात गॅसवर चालणारा गीझर असेल, तर त्याचा धूर बाहेर जाण्याऐवजी घराच्या आत ओढला जाण्याचा आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइडचा गंभीर धोका निर्माण होतो. म्हणूनच जेवढी हवा बाहेर जाईल तेवढीच आत आणणारी संतुलित यंत्रणा मला योग्य वाटते.

तिचे तत्त्व साधे आहे. बाहेर जाणारी आणि आत येणारी हवा एका गाभ्यातील पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी उलट दिशांना वाहतात. त्या एकमेकींत मिसळत नाहीत, पण उष्णता एकीकडून दुसरीकडे जाते. ८० टक्के कार्यक्षमतेचे यंत्र धरू. बाहेर ५ अंश आणि खोलीत २१ अंश तापमान असेल, तर आत येणारी हवा सुमारे १८ अंशांची असेल. उन्हाळ्यात बाहेर ४० आणि आत २६ अंश असतील, तर ती सुमारे २९ अंशांची असेल. बाबांना नको असलेला गार झोत यामुळे टळेल. विजेचा हिशेबही पाहा. दोन माणसांसाठी तासाला ६० घनमीटर हवा पुरते. आत-बाहेर २० अंशांचा फरक असताना ही हवा थेट आत घेतली, तर खोलीचे तापमान टिकवण्यासाठी सुमारे ४०० वॅट एवढी उष्णता भरून काढावी लागते. यंत्रणा असताना यातला सुमारे ८० वॅटचाच भार उरतो, आणि चांगल्या यंत्राचे पंखे २५ ते ३० वॅटवर चालतात.

बाबा, तुम्हाला हे नवे फॅड वाटू नये म्हणून सांगते, कॅनडातील रिजायना येथे १९७७ मध्ये बांधलेल्या प्रायोगिक घरात उष्णता परत मिळवणारी अशी यंत्रणा होती.

निवड करताना एक गोष्ट नीट तपासावी लागेल. एचआरव्ही नावाचा प्रकार केवळ उष्णतेची देवाणघेवाण करतो, तर ईआरव्हीचा पडदा काही प्रमाणात बाष्पही पार करतो. दमट हवेत एसी चालवायचा असेल तर ईआरव्ही अधिक सोयीचा, कारण बाहेरचा बराचसा ओलावा आत येण्याआधीच अडतो. कडाक्याच्या थंडीत घरातली हवा फार कोरडी पडू नये, यासाठीही तोच उपयोगी. सबंध घरात डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळ्या, टाकण्याची तोडफोड तुम्हाला या वयात सोसायला लावावी, असे मला वाटत नाही. म्हणून बाहेरच्या भिंतीला भोके पाडून बसणारे, एकाच खोलीपुरते यंत्र मी सुचवते. त्यातील काही यंत्रांत सिरॅमिकचा गाभा असतो आणि पंख्याची दिशा साधारण ७० सेकंदांनी उलटते, म्हणजे एकच यंत्र आळीपाळीने हवा बाहेर टाकते आणि आत घेते. अशी यंत्रे मात्र जोडीनेच लावावी लागतात. मला दोन स्वतंत्र प्रवाहांचे यंत्र अधिक पसंत आहे.

आवाजाबाबत मी मुळीच तडजोड करणार नाही. निजण्याच्या खोलीत तो २५ डेसिबलच्या आसपास असावा, नाहीतर तुम्ही दुसऱ्याच रात्री यंत्र बंद कराल. हवा आत घेण्याचे तोंड बाहेरच्या धुरापासून, गटारापासून आणि हवा बाहेर टाकण्याच्या तोंडापासून पुरेसे दूर असायला हवे. स्वयंपाकघरातील चिमणी या यंत्रणेला जोडू नये, कारण तेलकट वाफेने गाभा चिकट होतो. आत येणाऱ्या हवेचा फिल्टर पीएम २.५, म्हणजे अतिसूक्ष्म धूलिकण, पकडणारा असावा. धूळ जास्त असेल तर तो तीन महिन्यांनी, एरवी सहा महिन्यांनी बदलायचा असतो. ते काम स्टुलावर चढून करावे लागू नये, इतक्या खालच्या उंचीवर यंत्र बसवून घेऊ, आणि तरीही फिल्टर मीच येऊन बदलीन.

तुमची संमती असेल, तर पलंगाच्या डोक्याकडची भिंत सोडून बाहेरच्या बाजूला असणारी दुसरी भिंत कोणती, तिची जाडी किती आणि तिच्यातून वीजतारा किंवा पाण्याचे नळ गेले आहेत का, एवढे बाबांनी कळवावे. भोके कुठे घ्यायची, हे त्यावरूनच ठरवता येईल.

तुमची लेक