केळी आडवी झाली की बँकेचंही नुकसान होतं

संपादक साहेब, नमस्कार.

रावेर-यावल भागात मे-जूनात वादळ आलं की केळीच्या उभ्या बागा झोपतात, मग पंचनामे, फोटो, पुढाऱ्यांचे दौरे, पण त्या बागांवर पीककर्ज आहे अन् ते बुडालं तर बँकेचं काय हे कुणी विचारतच नाही. एकट्याचं थकलं तर बँक सांभाळून घेते हो, पण वादळ अख्ख्या गावाची खाती एकदमच थकवतं. विमा कंपनीचंही तेच, सगळे क्लेम एकाच टायमाला.

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये मसुदा काढला की बँकांनी हवामानाची जोखीम, म्हणजे हवामानामुळे त्यांचा किती पैसा बुडू शकतो ते, जाहीर करावी. चांगलं केलं, पण त्यात मोठ्या बँका, आमच्या जिल्हा बँका नाहीत, अन् गावातल्या पीककर्ज देणाऱ्या सोसायटीला पैसा तर तिथूनच येतो!

आणि फळपीक विम्यात थंडी-ऊन मोजतात ते महसूल मंडळाच्या, म्हणजे अनेक गावांच्या मिळून एका, हवामान केंद्रावर, बागेत नाही. नदीकाठी थंडीने केळी करपली तरी केंद्रावर पारा तेवढा उतरला नसेल तर भरपाई नाही, मग कर्ज फेडायचं कशातून? केंद्रं वाढवा, आणि जिल्हा बँकांनाही हवामानाच्या जोखमीचा हिशोब मांडायला लावा.

– एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव