सेमी इंग्रजीच्या वर्गासाठी विज्ञान शिक्षक घडवताना

मा. संपादक,

मराठवाड्यात तालुक्याच्या गावांपासून खेड्यांपर्यंत आता सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत. इतिहास-भूगोल मराठीत, विज्ञान आणि गणित इंग्रजीत. या वर्गांवर उभा राहणारा नवा शिक्षक बी.एड. होऊन येतो तेव्हा त्याला विषय येत असतो, टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणीही काढता येते. पण ज्या मुलांचे इंग्रजी अजून शिकणेच चालू आहे त्यांना विज्ञान कसे शिकवायचे, याचा सराव त्याला सहसा मिळालेला नसतो. विषय शिकवताना भाषेचा विचार कसा करावा यावर बी.एड.ला एक पेपर आहे. मात्र पेपर पेपरच्या जागी राहतो आणि विज्ञानाचे पाठ पाठाच्या जागी.

मग वर्गात दोनपैकी एक गोष्ट होते. शिक्षक पुस्तकातले इंग्रजी वाक्य वाचतो आणि लगेच त्याचे मराठी सांगतो. मुले मराठीची वाट पाहत बसतात, इंग्रजी कानावरून जाते. किंवा सगळे मराठीत समजावून शेवटी इंग्रजी उत्तरे फळ्यावर लिहून दिली जातात आणि ती पाठ होतात. परीक्षेत ‘शास्त्रीय कारणे द्या’ म्हटले, की पाठ केलेले वाक्य नेमके तिथे लागू पडत नाही.

नववीतला ओहमचा नियम घ्या: विभवांतर (व्होल्टेज) वाढवले की धारा (करंट) त्याच प्रमाणात वाढते. दीड व्होल्टचे तीन घट (सेल), 10 ओहमचा रोधक (रेझिस्टर), धारा मोजणारा अ‍ॅमीटर आणि विभवांतर मोजणारा व्होल्टमीटर एवढ्यावर हा प्रयोग होतो. रोधक 5 वॅटचा घ्यावा, पाव वॅटचा स्वस्त रोधक तापून जळतो. एक, दोन, तीन घट लावले की धारा साधारण 0.15, 0.30, 0.45 अ‍ॅम्पिअर येते. घट जुने असतील तर आकडे कमी येतात, पण विभवांतर भागिले धारा हे उत्तर दहाच्या आसपासच राहते.

आता पुस्तकातली इंग्रजी सूचना पाहा. व्होल्टमीटर रोधकाच्या ‘अक्रॉस’, म्हणजे दोन टोकांना, जोडायचा आणि धारा रोधकाच्या ‘थ्रू’, म्हणजे आतून, जाते. हे दोन छोटे शब्द कोणी शिकवत नाही, कारण ते विज्ञानाचे वाटत नाहीत. मुलाने त्यात गल्लत करून अ‍ॅमीटर थेट घटांच्या दोन टोकांना जोडला, तर त्याचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने काटा टोकाला आपटतो आणि मीटर जळू शकतो. व्होल्टमीटर एकसर, म्हणजे धारेच्या वाटेतच, जोडला तर धारा जवळजवळ थांबते आणि मुले म्हणतात, ‘सर, सेल गेले.’ चूक विज्ञानाची दिसते, असते भाषेची. आकड्यांचेही तेच. आपण ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी म्हणतो, इंग्रजीत चाळीस आधी येतात. गटात एक मूल वाचन सांगते, दुसरे लिहिते, आणि 47 चे 74 होतात. म्हणून वाचन एकेक अंक उच्चारून सांगायची सवय लावावी.

क्रम असा ठेवला तर जमते. आधी प्रयोग, त्यावर मुलांच्या बोलीत चर्चा. शेतात पाण्याची मोटार का उचलत नाही हे विचारले की वर्गातले निम्मे हात वर होतात. व्होल्टेज कमी आले की काय होते, हे या मुलांना पुस्तकाआधी ठाऊक असते. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, बंजारा तांड्यावर गोरमाटी, शहरातल्या मोहल्ल्यात दखनी उर्दू. या मुलांना ‘विभवांतर’ हा शब्दही तितकाच नवा असतो, म्हणून नुसते मराठी करून देणे पुरत नाही. चर्चेनंतर इंग्रजी शब्द द्यावेत, एका तासाला पाच-सहाच. मग फळ्यावर वाक्याचा सांगाडा: ‘अ‍ॅज द डॅश इन्क्रीझेस, द डॅश ऑल्सो इन्क्रीझेस.’ मुलांनी जोडीत आपल्या वाचनांवरून तो तोंडी भरावा, मगच वहीत लिहावा. ‘समजले का?’ या प्रश्नाला ‘हो सर’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘चौथा घट लावला तर काटा कुठे जाईल, बोटाने दाखवा’ असे विचारावे. इंग्रजी न येणाऱ्या मुलालाही ते दाखवता येते. प्रश्नानंतर थांबायलाही हवे. शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात, सुधारतात, हे विज्ञान-शिक्षणाच्या अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकातच दाखवले आहे. दुसऱ्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या मुलाला त्याहून जास्त वेळ लागणार.

तपासताना संकल्पनेचे गुण वेगळे द्यावेत. ‘करंट इज इन्क्रीझ बिकॉज व्होल्टेज इन्क्रीझ’ असे लिहिणाऱ्या मुलाला नियम कळला आहे. घटक चाचणीत त्याचे गुण कापले, तर पुढच्या वेळी ते स्वतःचे वाक्य लिहीतच नाही, गाईडकडे वळते. वाक्य खाली दुरुस्त करून द्यावे, गुण पूर्ण द्यावेत.

हे सगळे सरावाने येते आणि सरावाची जागा बी.एड.मध्ये आहेच. सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे सहाध्यायींसमोर छोटा पाठ घेऊन एकेक कौशल्य घोटण्याचे, 36 मिनिटांचे चक्र असते: 6 मिनिटे पाठ, 6 प्रत्याभरण (फीडबॅक), 12 पुनर्नियोजन, मग पुन्हा 6 पाठ आणि 6 प्रत्याभरण. त्यात भाषेचा आधार देण्याचे एक कौशल्य घालावे. अडचण एवढीच, की समोर विद्यार्थी म्हणून बसलेले सहाध्यायी पदवीधर असतात, त्यांना सगळे कळतेच. म्हणून पहिला पाठ तेलुगू किंवा कन्नड येणाऱ्या छात्राध्यापकाने (बी.एड.च्या विद्यार्थ्याने) त्याच भाषेत घ्यावा, ‘लोखंड गंजणे’ यावर. न कळणाऱ्या भाषेत विज्ञान ऐकताना काय होते, ते सहा मिनिटांत कळते.

छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील दोन्ही विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी विज्ञानाच्या टाचणात भाषेचा एक रकाना सक्तीचा करावा: आजचे शब्द, आजचा सांगाडा, मराठी कुठे आणि इंग्रजी कुठे. निदान पाच सराव पाठ सेमीच्या वर्गात व्हावेत आणि त्यांच्या निरीक्षणाला विज्ञानासोबत इंग्रजी अध्यापन पद्धतीचे प्राध्यापकही बसावेत. दुसऱ्या वर्षाच्या 16 आठवड्यांच्या आंतरवासितेत (शाळेतल्या इंटर्नशिपमध्ये) पहिला आठवडा मुलांच्या वह्यांतली त्यांची स्वतःची वाक्ये गोळा करण्याला द्यावा. बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्यासाठी प्रत्येक छात्राध्यापकाने धड्यामागे एक पान तयार करून शाळेत ठेवावे: सहा शब्द, एक आकृती, एक सांगाडा. आल्या दिवशीच ते त्यांच्या हातात पडावे.

— विज्ञान अध्यापन पद्धती शिकवणारे दोन प्राध्यापक, परभणी