शुक्रवारची प्लेऑफ मॅच : पालकांना आठवण

मंडळी, शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता टेक्सासमधल्या ॲलनच्या ईगल स्टेडियमवर आपल्या पोरांची अमेरिकन फुटबॉलची प्लेऑफ मॅच आहे आणि समोर शेजारचीच शाळा! हरलं की सीझन संपला. बरोबरी झाली तरी सुटका नाही. जादा खेळात दोन्ही टीमना २५ यार्डांच्या रेषेवरून आळीपाळीने बॉल मिळतो आणि निकाल लागेपर्यंत खेळ चालूच राहतो. त्यामुळे घरी यायला अकरा वाजतील असं धरूनच चला.

स्टेडियम १८,००० लोकांचं आहे म्हणून निवांत राहू नका, तिकिटं आजच मोबाईलवर काढा. पिशवी आरपार दिसणारीच हवी. मागच्या वेळी चकल्यांचा डबा गाडीत ठेवायला एका काकांना गेटवरून पार्किंगच्या पार टोकाला पळावं लागलं, पहिला टचडाउन (सहा गुणांचा!) बघायचा हुकला तो हुकलाच. नोव्हेंबरचं वारं आहे, बाक बर्फासारखे लागतात. बुडाखाली घ्यायला जुनी गोधडी आणा.

हाफटाइमला बँड आपल्याच मुलांचा, तेव्हा नाचोजसाठी उठू नका.

आणि हो, समोरच्या शाळेतही आपल्या मंडळातली तीन घरं आहेत. चिडवा खुशाल, पण बेतानं. रविवारचा सत्यनारायण त्यांच्याकडेच आहे.