नार्नियाचा एक तरी शो सोलापुरात मूळ आवाजात लावा

मा. संपादक साहेब, स.न.

पोरं पुस्तकं वाचत नाहीत, नुसती पिक्चर कधी येणार म्हणून मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, अशी तक्रार तुमच्या या सदरात अधूनमधून वाचायला मिळते. त्यातलं दुसरं वाक्य खरंय, पहिलं नाही. आमच्या घरात आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या ज्या पिक्चरसाठी जीव टांगणीला लागलाय तो नार्नियाचा आहे, आणि त्याची वाट बघणारा एकूण एक माणूस पुस्तक वाचूनच वाट बघतोय. ज्यानं वाचलंच नाही त्याला यात वाट बघण्यासारखं काय आहे हेच कळायचं नाही.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, वय पंचेचाळीसच्या पुढे, तेव्हा कुणाला हा पोरखेळ वाटेल तर वाटू दे. माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सी. एस. लुईस नावाचे ऑक्सफर्डला शिकवणारे एक गृहस्थ होते, त्यांनी नार्निया नावाच्या जादूच्या जगावर १९५० ते १९५६ दरवर्षी एक अशी सात पुस्तकं लिहिली. २००५ ला पहिला पिक्चर आला तो जगभर जोरात चालला, २००८ चा त्यामानाने पडला, २०१० ला तिसरा आला आणि मग गाडी जी थांबली ती थांबलीच. चार पुस्तकं तशीच राहिली. २०१८ ला नेटफ्लिक्सनं हक्क घेतले तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो, पण त्यानंतरही वर्षानुवर्षं काही हलेना. आता कुठे ग्रेटा गर्विग, तीच ती बार्बीवाली, पिक्चर करतेय आणि सुरवात करतेय ‘द मॅजिशियन्स नेव्ह्यू’ पासून.

आता यावरूनच आमच्यात दोन पार्ट्या पडल्यात. हे पुस्तक १९५५ ला आलं म्हणजे छापून आलेल्यात सहावं, पण गोष्टीच्या हिशोबानं पहिलं, कारण नार्निया जन्माला कसं आलं ते यात आहे. एक पार्टी म्हणते आधी १९५० चं पहिलं पुस्तक, म्हणजे त्यातल्या पोरांबरोबर कपाटातून नार्नियाच्या बर्फात जायचं, मग मागचं सगळं कळायला पाहिजे, नाहीतर मजा गेली. दुसरी म्हणते पहिल्यापासून सुरू करा की सरळ. गंमत म्हणजे हे भांडण लेखक जिवंत असतानाचंच आहे. एका अमेरिकन पोराचं आणि त्याच्या आईचं यावरूनच जुंपलं होतं, आणि १९५७ ला लुईसनी त्या पोराला पत्र लिहून सांगितलं की मला आईपेक्षा तुझाच, म्हणजे गोष्टीच्या हिशोबाचा, क्रम जास्त पटतो. ते पत्र एकानं ग्रुपवर टाकलं, तरी भांडण मिटलं नाही ते नाहीच. माझं मत विचाराल तर आधी कपाट. पण पिक्चर होतोय ना, मग कुठूनही करा बाबा.

या पुस्तकात आहे काय म्हणाल, तर डिगरी नावाचा पोरगा आहे, त्याची आई आजारी, जगायची नाही असं घरातले कुजबुजतायत, आणि त्याचा मामा वरच्या माळ्यावर जादूच्या पिवळ्या हिरव्या अंगठ्या घेऊन बसलाय. त्या अंगठ्यांच्या नादानं पोरगा आणि शेजारची पॉली भलत्याच जगात जातात, तिथून एक चेटकीण मागं लागते, ती लंडनच्या रस्त्यावर दिव्याच्या खांबाचा दांडा उपसून धिंगाणा घालते. मग पुढं सगळे एका मिट्ट काळोख्या रिकाम्या जागेत येऊन पडतात आणि तिथं अस्लान नावाचा सिंह गाणं म्हणायला लागतो. शब्द नाहीत, नुसता आवाज. त्या गाण्यानं चांदण्या उमटतात, सूर्य वर येतो, गवत सरसरत पसरत जातं. चेटकीण घाबरून हातातला तो दांडा सिंहाच्या डोक्यात फेकून मारते, त्याला काही होत नाही, पण दांडा पडतो त्या ओल्या मातीतून दिव्याचा खांब उगवतो, पेटलेला! सगळ्यात आधी छापलेल्या पुस्तकात बर्फाच्या मधोमध जो दिवा उगाच उभा असतो तो हा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

माझ्या भाचीला खांबाचं एवढं नाही, तिला घोडा पाहिजे. टांग्याला जुंपलेला लंडनचा म्हातारा घोडा, त्याला तिथं पंख फुटतात. तिच्याकडची कॉपी बघा एकदा, कव्हर कधीच गेलंय, पाठीला खाकी टेप आणि घोड्याच्या चॅप्टरवर चहाच्या कपाचा गोल डाग. दर आठवड्याला तिचा एकच प्रश्न, ‘मामा, पिक्चर कधी यायलाय?’ आता मामा काय नेटफ्लिक्सचा डायरेक्टर आहे का.

भीती पण वाटते, खोटं कशाला बोलू. २००५ च्या पिक्चरमधली लढाई बघून लोक खूश झाले पण पुस्तकात ती थोडक्यात आटोपलीय. २००८ च्या पिक्चरमध्ये तर राजाच्या किल्ल्यावर रात्रीचा हल्ला घुसडला जो पुस्तकात नाहीच. आणि मॅजिशियन्स नेव्ह्यूमध्ये लढाई अशी नाहीच मुळी! आहे काय तर गाणं, आजार बरा करणारं एक सफरचंद, आणि आईला ते द्यायचं की सिंहाला दिलेला शब्द पाळायचा यात अडकलेला पोरगा. लुईसची स्वतःची आई १९०८ ला कॅन्सरनं गेली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. हे माहीत झाल्यावर तो सफरचंदाचा भाग वाचताना घसा दाटतो. तिथं जर कुणी तलवारी आणल्या तर मी इंटरव्हलला उठून येणार, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील. आणि डिगरीच्या मामाला झाड समजून प्राणी मातीत उभा पुरतात आणि हत्ती त्याला सोंडेनं पाणी घालतो, तो सीन कापला तर पोरं माफ करणार नाहीत.

आता सोलापूरचं. सुरवातीला जाहीर झालं ते असं की हा पिक्चर आधी आयमॅक्सच्या त्या भल्यामोठ्या पडद्यावर आणि मग नेटफ्लिक्सवर. आपल्याकडे आयमॅक्स कुठलं, म्हणजे आलं पुणं. त्यामुळे आमच्या ग्रुपवर आत्तापासून प्लॅन शिजतोय की सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जायचं, पिक्चर बघायचा आणि संध्याकाळच्या हुतात्मानं परत. ज्यांना जमतंय ते जातील. पण एका घरातली चार माणसं म्हणजे गाडीभाडं, तिकिटं, खाणं, हे सगळ्यांना झेपणारं नाही, आणि कारखान्यात रविवार सोडून सुट्टी मागायची म्हणजे काय असतं ते मला विचारा.

समजा पुढेमागे आपल्या इथं साध्या पडद्यावर लागलाच, तर लागणार हिंदीत. हिंदीशी माझं वैर नाही पण या डबिंगवाल्यांना प्रत्येक पात्राच्या तोंडी टपोरी जोक घालायची फार हौस. मागे असाच एक जादूचा पिक्चर इथल्या एका थिएटरात बघितला, त्यातला म्हातारा जादूगार मुंबईच्या भाईसारखा बोलत होता, आणि शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आत लाईट लावून दारं उघडून झाडूवाला आत. नार्नियाच्या सिंहाचं असं झालेलं मला बघवणार नाही.

शहराच्या पूर्व भागात, जिथं तेलुगू बोलणारी मंडळी जास्त, तेलुगू पिक्चर लागतो तेव्हा बघा, मूळ तेलुगूतच लागतो, बॅनर लागतात, पहिल्या शोला गर्दी असते. ती मंडळी हक्कानं मागतात म्हणून त्यांना मिळतं, आणि मिळालंच पाहिजे, माझे अर्धे मित्र त्यातलेच. हॉलिवूडचे मोठे पिक्चर तेलुगूतही डब होऊन येतात. मराठीचं कुणी विचारतच नाही. हॅरी पॉटर मराठी पुस्तकात आहे पण थिएटरात मराठी बोलताना मी तरी कधी बघितला नाही. एवढं मोठं मागणं सोलापूरच्या थिएटरवाल्यांकडे करून उपयोग नाही हे कळतंय मला, म्हणून लहान मागतो. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळचा एक शो मूळ इंग्रजीत, खाली सबटायटल्स. सकाळी दहाचा नको, तेव्हा पोरं शाळेत आणि आम्ही कामावर, मग खुर्च्या रिकाम्या दिसल्या की लगेच प्रेक्षक नाहीत म्हणून शो काढून टाकायला मोकळे.

आणि एक काम तुमच्याकडे आहे साहेब. तुमच्या पेपरात रोज चित्रपटांच्या वेळा येतात त्यात पिक्चरचं नाव असतं, थिएटर असतं, वेळ असते, भाषा नसते. माणूस पोरांना घेऊन जुळे सोलापुरातून रिक्षा करून जातो आणि खिडकीवर कळतं की हिंदी आहे. नावापुढे कंसात इं., हिं., ते. एवढं छापलंत तरी पुष्कळ झालं. जागा किती लागेल, दोन अक्षरांची.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर