गॅरेजवाल्या काकांना, पाचगणीच्या गाडीबद्दल

काका, नमस्कार. तुम्ही मोबाईल फक्त फोन उचलायला वापरता हे माहितीये, म्हणून हे तुमच्या सुनेलाच वाचून दाखवायला सांगणारे. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, तो पाना दे इकडे" म्हणून विषयच संपवता, मग काय, इथे सगळ्यांसमोर लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी मे महिन्यात पाचगणीवरून एक सेकंडहँड क्वाड बाईक (चार चाकांची) घेतली, दीडशे सीसीची, नागावच्या बीचवर चालवायला. तिथे घेताना मस्त चालत होती, आपल्या हाताने दोन चकरा मारून बघितली आणि मगच पैसे दिले, मग छोट्या हत्तीत घालून घाट उतरवून आणली. खाली आल्यावर जरा फटफट करत होती पण पाऊस तोंडावर आलेला, धंदा तसाही बंद, म्हणून ताडपत्री टाकून ठेवून दिली. पेट्रोल काढलं नाही. हा पहिला गाढवपणा.

दसऱ्यानंतर काढली तर चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो तो) ओढल्याशिवाय चालूच राहीना, रेस दिली की आधी झटका मग पिकअप, आणि ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून दिवाळी. मी आपला व्हिडिओ बघून शहाणा झालेला, एअर फिल्टरचं झाकण काढून टाकलं, म्हटलं हवा मोकळी मिळू दे, आणि कार्बोरेटरचा, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाचा, तो बारका स्क्रू फिरवत बसलो. बाहेर काढला की पेट्रोल वाढतं असं डोक्यात बसलेलं, त्यामुळे गाडी जितकी बिघडली तितका अजून बाहेर. एका गॅरेजमध्ये दाखवली तर म्हणाले रिबोर करावं लागेल, म्हणजे सिलेंडर आतून घासून मोठा पिस्टन बसवायचा, 14 हजारांचा आकडा सांगितला. माझ्याकडे तेव्हा 14 हजार सोडा, चारसुद्धा नव्हते, सगळे गाडीत गेलेले.

तुम्ही गाडीला हात लावायच्या आधी फिल्टरचं झाकण मागितलंत. "समुद्राच्या वाळूत उघडा फिल्टर? मिक्श्चर राहू दे बाजूला, आधी पिस्टन घासून जाईल." आणि झाकण लावल्याशिवाय ट्युनिंग करायचंच नाही, कारण गाडी शेवटी झाकणासकटच चालणार. मग स्क्रू आत फिरवत फेरे मोजलेत, सव्वाचार निघाले, आणि माझ्याकडे असं बघितलंत की मला वाटलं आता कानाखाली बसते. तेव्हा समजावलंत ते मी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो: स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की हवा वाढते, आणि इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. माझा फिल्टरच्या बाजूला होता. म्हणजे मी आठवडाभर उपाशी गाडीला अजून उपाशी मारत होतो.

मग तुम्ही गाडी स्लोवर ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबरावर क्लीनरचा बारीक फवारा मारलात आणि आवाज एकदम बदलला. रबराला खालच्या बाजूने चीर, वरून काहीच दिसत नाही. तिथून फुकटची हवा ओढत होती. अडीचशे रुपयांचं रबर हो काका.

पायलट जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं, काढून उजेडाकडे धरलात तर आरपार काही दिसेना, चार महिने पेट्रोल सुकून आत वार्निशसारखं बसलेलं. मी टाचणी पुढे केली तेव्हा हातावर चापट मारलीत. पितळ आहे, भोक मोठं झालं की जेट फेकून द्यायचा. तुम्ही गळाची तंगूस घेतलीत, सगळ्यात बारीक, क्लीनरमध्ये बुडवून हळूहळू ओवलीत, मग हवा मारलीत. त्या भोकातून पलीकडचा ट्यूबलाइट टाचणीच्या टोकाएवढा दिसला तेव्हा मला उगाच भरून आलं, हसू नका.

स्लो बसला, चोक लागेना. मी खूश होऊन निघालोच होतो तर तुम्ही म्हणालात थांब, अजून वरचं बघितलं कुठे. अंगठ्याच्या ॲक्सिलरेटरवर चिकटपट्टी लावून पेनाने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्यात आणि किनाऱ्यावर पाठवलंत, कुठल्या खुणेवर काय होतं ते सांग. पाव खुणेपर्यंत पायलट जेट बोलतो, मधे नीडल म्हणजे कार्बोरेटरमधली सुई, पाऊणच्या पुढे मोठा, मेन जेट. माझी गाडी पाऊणपर्यंत गोड आणि पुढे दाबली की रडायची. "आता तिथेच चोक जरासा ओढ," तुम्ही म्हणालात. ओढला आणि गाडी सुसाट. तुम्ही लांबूनच आवाज ऐकून मान हलवलीत, चोकने सुधारली म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, बिघडली असती तर जास्त होतंय. प्लग काढला तर खडूसारखा पांढरा.

आणि मग तो प्रश्न, जो मला कुणीच विचारला नव्हता. गाडी कुठून आणलीस?

पाचगणी म्हटल्यावर तुम्ही नुसतं "हं" केलंत आणि मेन जेट काढून भिंगाखाली धरलात. नंबर 105. नंबर जितका मोठा तितकं भोक मोठं, पेट्रोल जास्त. पाचगणी साधारण 1300 मीटरवर, तिथे हवा खालच्यापेक्षा आठवा हिस्सा विरळ, त्यामुळे तिथल्या कुणीतरी बरोबरच बारीक जेट टाकलेला. चूक त्याची नव्हतीच. तीच गाडी समुद्रकाठच्या दाट हवेत आणली तर पेट्रोल कमीच पडणार, वर आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, त्याने मिक्श्चर अजून थोडं सुकं. जास्त पिणारी गाडी पाकीट खाते, कमी पिणारी पिस्टन, हे तुमचं वाक्य मी शेडच्या दारावर खडूने लिहिलंय.

तुमच्या तंबाखूच्या डबीतून 110 चा निघाला, फरक पडला पण चोकने अजून जराशी सुधारत होती. मग 112, चोकचा काही उपयोग नाही. मला वाटलं झालं, तर तुम्ही मुद्दाम 115 टाकलात, गाडी जड होऊन भरभर करायला लागली, आणि परत 112. जास्त कुठे होतं ते बघितल्याशिवाय बरोबर कुठे आहे ते कळत नाही म्हणालात. नवीन प्लग लावून पूर्ण दाबून पळवली, तशीच स्विचने बंद केली आणि प्लग काढला, फिक्या चहाचा रंग. शेवटी स्क्रू, गाडी गरम असताना, पाऊण फेरा इकडे तिकडे करून दोन फेऱ्यांच्या थोडा आत.

या सगळ्यात तुमची दोन संध्याकाळं गेली आणि तुम्ही रबर आणि प्लगचे पैसे सोडून एक रुपया घेतला नाहीत. जेटचेही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी रोज चालली, एकदाही बंद पडली नाही, फिल्टरचा स्पंज दर दोन दिवसांनी धुऊन तेल लावून बसवतोय, वहीत तारीख टाकतोय, तुम्ही तपासणार माहितीये. तो 105 चा जेट तुम्ही परत दिलेला, डबीत जपून ठेवलाय, पाचगणीला परत कुणी नेलीच तर. रविवारी सकाळी येतो, बांगडे ताजे मिळाले तर घेऊन येतो, आणि या वेळी पाना मागून विषय बदलू नका.